निर्वेध, निजोखमी आणि ५२ फूट

प्रति,
कोल्हापुरात नदीच्या अंगाला घरं बांधणारे बिल्डर, ती दाखवणारे एजंट, कागद तपासणारे वकील, कर्ज देणाऱ्या बँका आणि पूररेषेचे नकाशे ज्यांच्या कपाटात आहेत त्या सगळ्या कचेऱ्या यांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेली एक भिंत रंगवून झाली. रिकाम्या प्लॉटची कंपाउंड भिंत, त्यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण त्या भिंतीवर कॉलनीतल्या पोरांनी शेंदरी ऑइलपेंटनं दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. एका रेघेशेजारी '२०१९', दुसरीशेजारी '२०२१'. वरची रेघ माझ्या खांद्याला लागायची. आता तिथं स्वच्छ पांढरा रंग आहे आणि 'प्लॉट विकणे आहे' म्हणून एक मोबाइल नंबर.

त्यानंतरच्या रविवारी एक तरुण जोडपं तो प्लॉट बघायला आलं. मुलगी चार-पाच महिन्यांची गरोदर असावी. मी गेटजवळ तुळशीला पाणी घालत होते. तिनं सहज विचारलं, "काकू, इथं पावसाळ्यात पाणीबिणी येतं का हो?" मी तोंड उघडायच्या आत सोबतचा एजंट हसून म्हणाला, "ते एकदा काय ते आलं होतं हो. सगळ्या कोल्हापुरातच आलं होतं." दोघं गाडीत बसून निघूनही गेली. 'एकदा नाही, दोनदा' एवढंसुद्धा मला वेळेवर सुचलं नाही. ते न सुचल्याची चुटपुट म्हणून हे पत्र.

माझी ओळख थोडक्यात. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माहेर आटपाडीकडचं, म्हणजे दुष्काळी. आमच्याकडं पाणी हा लांबून आणायचा जिन्नस होता, त्यामुळे 'नदीपासून जवळ' हे शब्द ऐकून माझ्या मनात फक्त थंडगार काहीतरी यायचं. २०११ साली आम्ही शहराच्या उत्तर अंगाला, नदीकडं उतरत जाणाऱ्या एका कॉलनीत बैठं घर घेतलं. वीस वर्षांचं कर्ज. पोरांना समोच्च रेषा शिकवणारी बाई स्वतःच्या घराचा उतार कुठल्या दिशेला आहे हे न बघता टोकन देऊन आली. हसायचं असेल तर हसून घ्या. स्टाफरूममध्ये हसून झालेलंच आहे.

घर घेताना मी एक प्रश्न मात्र विचारला होता. २००५ च्या पुराची आठवण तेव्हा ताजी होती. "पुरात इथं पाणी होतं का?" विकणारा छातीला हात लावून म्हणाला, "मॅडम, २००५ ला इथं थेंब नव्हता." तो खोटं बोलला नव्हता. पुढचं सगळं त्यामुळेच लिहावं लागतंय.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं पूर फुटांत मोजतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हा पावसाळ्यात कोल्हापुरातल्या चहाच्या प्रत्येक टपरीवरचा पहिला प्रश्न. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. तिकडं राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे बघायचं, एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, आणि मग इकडं बंधाऱ्यावर फूट-इंच मोजत बसायचं. २००५ ला पाणी पन्नास फुटांच्या आसपास गेलं होतं. २०१९ ला ५५ फूट ७ इंच. २०२१ ला ५६ फूट ३ इंच.

आणि माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर पाणी येतं ५२ फुटांना.

म्हणजे २००५ ला थेंब नव्हता हे खरंच. दोन फुटांनी नव्हता. ते दोन फूट मला कुणी सांगितले नाहीत.

सांगणारा माणूस खरं तर घरापासून शंभर पावलांवर राहत होता. आमच्या कॉलनीला लागून एक मळा आहे, तिथं एक मामा म्हशी ठेवतात. त्यांच्याकडून आम्ही दूध घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचेचाळिसाच्या पुढं गेल्यावर त्यांनी म्हशी वरच्या अंगाला हलवल्या. आम्ही मात्र टीव्हीवर बातम्या बघत बसलो होतो. बातम्यांत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला दाखवत होते आणि मला वाटत होतं, अरे बापरे, बिचारे ट्रकवाले. संध्याकाळी मामा गेटवर आले. "ताई, सिलिंडर माळ्यावर टाका आन् निघा. बावन्न झालं की तुमच्या रस्त्यावर आलंच म्हणून समजा." मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? त्यांनी कोपऱ्यावरच्या मोरीकडं बोट केलं. "२००५ ला त्या मोरीच्या तोंडाला लागलं हुतं की. तिथनं तुमचा रस्ता दोन फूट चढ. हिशोब कराय काय लागतंय?"

हिशोब करायला खरंच काही लागत नव्हतं. एक मोरी, एक चढ आणि एक आकडा. पण तो आकडा सातबाऱ्यावर नव्हता, प्रॉपर्टी कार्डावर नव्हता, वकिलांच्या सर्च रिपोर्टमध्ये नव्हता, बँकेनं पाठवलेल्या इंजिनिअरच्या मूल्यांकनात नव्हता. तो एका दूधवाल्या मामांच्या डोक्यात होता, आणि मी त्यांना आठ वर्षांत दुधात पाणी घालता का एवढंच विचारलं होतं.

आम्ही निघालो. कपडे, औषधं, पोरांची सर्टिफिकिटं घेतली. घराच्या कागदांची फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हाचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना तो वास सांगावा लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता, त्यामुळे आत जायला खिडकीतून उतरावं लागलं. तांदळाचा डबा फुगून आंबला होता. प्लायवूडचं कपाट पुस्तकासारखं पानापानानं उलगडलं होतं. त्यातून ती फाइल काढली. खरेदीखताची पानं एकेक सोडवून मी गच्चीत दोरीवर वाळत घातली, कपड्यांचे चिमटे लावून. वाळत असताना वाचलं, खरेदीनंतर पहिल्यांदाच नीट. पाचव्या पानावर होतं: 'सदरहू मिळकत निर्वेध व निजोखमी असून…'

निजोखमी. चिखलाचा डाग बरोबर त्या ओळीवरून गेला होता.

ही आता तक्रार. तुम्ही सगळे जण आपापल्या परीनं कागदात चोख आहात, हे मला मान्य आहे. पण प्रत्येकाचं चोख काम एकत्र केलं तरी माझ्यासारखीला जे कळायला हवं ते कळत नाही, ते कसं, हे सांगते.

बिल्डर आणि एजंट मंडळी, तुमची 'निजोखमी'ची व्याख्या म्हणजे गहाण नाही, दावा नाही, वारसांची हरकत नाही. नदीची हरकत त्यात धरत नाहीत. ठीक आहे, कायद्याची भाषा तशी असेल. पण तोंडी विचारलेल्या प्रश्नालाही तुम्ही सोयीचं वर्ष निवडून उत्तर देता. २००५ ला पाणी आलं नसेल तर २००५ सांगता. २०१९ ला आलं असेल तर 'तेव्हा सगळीकडंच होतं' म्हणता. वर्ष सांगून फसवता येतं, फूट सांगून फसवता येत नाही. म्हणून मला वर्ष नको, फूट सांगा.

वकील मंडळींबद्दल माझी तक्रार लहान आहे. तीस वर्षांचा शोध घेऊन तुम्ही कुणाच्या आजोबांनी कुणाला काय विकलं ते काढता. त्याच तीस वर्षांत त्या जमिनीवर पाणी किती वेळा चढलं हे काढायला मळ्यापर्यंत चालत जावं लागतं, बस्स.

बँकांची गोष्ट जरा जास्त खोलात आहे. तुम्ही कर्ज देण्याआधी तांत्रिक अहवाल मागवता. मूल्यांकन करणाऱ्यानं आमचं घर टेपनं मोजलं, फोटो काढले, भिंतीची जाडी लिहिली. तो अहवाल तुमच्यासाठी असतो, कर्जदाराला दाखवत नाहीत. हप्ता मी भरते, जोखीम माझी, अहवाल तुमचा. कर्जाबरोबर घराचा विमा घ्यायला लावलात, तेव्हा वाटलं चला, एवढं तरी झालं. पुरानंतर कळलं की तो विमा बांधकामाचा. आतल्या फ्रिजचा, गाद्यांचा, कपाटाचा नाही. भिंती तर पाणी उतरल्यावर उभ्याच होत्या. (जाता जाता वाचकांसाठी: एप्रिल २०२१ मध्ये 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना सक्तीची झाली. तीत पूर येतो. बांधकामाचा विमा उतरवला असेल तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. कर्जाबरोबर गळ्यात पडलेली पॉलिसी काढून त्यात नेमकं काय लिहिलंय ते आज रात्री वाचा. मी वाचायला आठ वर्षं लावली.)

आता नकाशेवाल्या कचेऱ्यांकडं येते. इथं मला जरा थांबायचंय.

निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द आता सगळ्यांना पाठ झालेत. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिते तेव्हा एखादा पोरगा हमखास म्हणतो, "म्हणजे बाई, एकदा आला की पंचवीस वर्षं निवांत." मोठी माणसंही हेच समजतात आणि हे समजावून सांगणं कुणाच्याच फायद्याचं नसल्यामुळे कुणी सांगत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार शक्यता. दर वर्षी, म्हणजे कालच येऊन गेला असला तरी पुढच्या वर्षीही तेवढीच. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता हिशोबानं ५६ टक्के निघते. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेवरच्या घरालाही त्याच वीस वर्षांत १८ टक्के. आणि हे आकडे नदी जुन्या सवयीनं वागली तर. आमच्या नदीनं २०१९ ला उच्चांक केला आणि दोनच वर्षांत तो स्वतःच मोडला.

मग या रेषा कुठून जातात? आपल्या प्लॉटच्या आतून की बाहेरून? हे एका सामान्य माणसाला घर घेण्याआधी कसं कळावं? मी दुसऱ्या पुरानंतर हे विचारायला निघाले. नाव घेत नाही, कारण प्रत्येक टेबलावरचा माणूस माझ्याशी नीट बोलला. पहिल्या कचेरीत सांगितलं, रेषा आम्ही आखत नाही, आमच्याकडं फक्त येतात. दुसरीकडं सांगितलं, आम्ही आखतो, पण गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर आमच्या नकाशावर नसतात, ते पहिल्या कचेरीत बघा. मग एका ठिकाणी भल्या माणसानं टेबलावर मोठा नकाशा पसरला. त्यावर नदी होती, निळी रेघ होती, लाल रेघ होती आणि आमची कॉलनी नव्हती. मूळ नकाशा आम्ही यायच्या आधीचा. त्यानं पेन्सिलीचं टोक हवेत फिरवून म्हटलं, "इथं कुठंतरी असाल बघा तुम्ही."

इथं कुठंतरी. वीस वर्षांचं कर्ज मी 'इथं कुठंतरी'वर काढलंय.

नियमच नाहीत असंही नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तीत निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर हवं, असं आहे. वाचताना बरं वाटतं. पण जोतं उचलल्यानं घर कोरडं राहिलं तरी रस्ता बुडतोच. ड्रेनेज उलटं येतं, मीटरचा बॉक्स पाण्यात, गाड्या पाण्यात, आणि म्हाताऱ्या सासूबाईंना होडीतून न्यायचं ते न्यायचंच. शिवाय एकानं भराव टाकून प्लॉट चार फूट उचलला की तिथं पूर्वी थांबणारं पाणी शेजाऱ्याकडं जातं. आमच्या कोपऱ्यावरच्या त्या मोरीच्या पलीकडं गेल्या तीन वर्षांत डंपरनं किती माती पडली ते मामांना विचारा. त्यांचा हिशोब आता बदललाय. "आता बावन्नला न्हाई, साडेएक्कावन्नला यील," असं ते म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते; दुसरं कुणी काही सांगतच नाही.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडं पूर येतो, हा विषय काढला की इथं सभा भरते. धरणाची उंची वाढू नये असं मलाही वाटतं, मोर्च्याला मीही गेले आहे. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या २०२० च्या अहवालात अलमट्टीवर ठपका नव्हता. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांवर बोट होतं. तो निष्कर्ष पटो न पटो, एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. अलमट्टी लांब आहे, दुसऱ्या राज्यात आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलताना आपल्या कुणाचाच प्लॉट विकायचा राहत नाही. कोपऱ्यावरच्या मोरीबद्दल बोललं की राहतो.

म्हणून एक कबुली. भिंत रंगवली तेव्हा मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. मला वाटलं सगळे चिडतील. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, पुसली तर पुसली. बरंच झालं. उद्या आपल्यालाही विकायचंय." कुणी मान डोलावली, कुणी मोबाइलमध्ये बघितलं. माझ्या शेजारी माझे मिस्टर बसले होते, तेही काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "चूक काय बोलले ते?" भिंत नेमकी कुणी रंगवून घेतली हे मला अजून माहीत नाही. प्लॉटवाल्यानंच असं मी धरून चालले होते. आता तेवढी खात्री नाही.

जुन्या कोल्हापुरात असं होत नाही, किंवा निदान इतकं सोपं नसतं. शुक्रवार पेठेतल्या, दुधाळीतल्या, गंगावेशीतल्या माणसाला पुराचे आकडे वारशात मिळतात. पाणी गायकवाड वाड्याजवळ आलं, जामदार क्लबला लागलं, ही त्यांची मोजपट्टी. आजी सांगते, आई सांगते, आणि पोरगं पाचवीत असतानाच 'आमच्या गल्लीत इतक्याला येतं' म्हणून सांगू शकतं. त्या घरांतलं सामान वर कधी चढवायचं हे ठरलेलं असतं. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. म्हणजे कुठं पाणी येतं हे सरकारदरबारीही तेव्हापासून चांगलं माहीत आहे. माहीत नसतं ते नव्या कॉलनीत नव्यानं आलेल्याला, आटपाडीहून, गडहिंग्लजहून, पुण्याहून परत आलेल्याला. त्याच्या घराला ना आजी असते ना जुनी खूण. त्याला ब्रोशर मिळतं, त्यावर नदी निळी आणि लांब असते.

मला नुकसानभरपाई मागायची नाही. कुणाचं घर पाडा असंही म्हणत नाही. पूरपट्ट्यात राहणाऱ्या बहुतेकांना दुसरीकडं जायची ऐपत नाही, आमचीही नाही. मागणी फक्त माहितीची आहे.

१. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले की कुठल्या गल्लीत, कुठल्या कॉलनीच्या रस्त्यावर पाणी येतं, याचा गल्लीवार तक्ता करा आणि दर पावसाळ्याआधी जाहीर करा. तुमच्याकडं दोन मोठ्या पुरांचे पंचनामे आहेत. घराघरात किती फूट पाणी होतं हे तुमच्याच माणसांनी लिहून नेलंय. ते कागद फक्त मदत वाटायला वापरून गठ्ठ्यात बांधू नका.

२. खरेदीखतात आणि करारनाम्यात चतुःसीमेखाली एक ओळ सक्तीची करा. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस, उत्तरेस कोण हे लिहितोच. त्याखाली लिहा: 'पाणी या मिळकतीच्या रस्त्यावर अमुक फुटांस येते, सन अमुक साली जोत्यावर इतके होते.' माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहून सही करा. नुसती ती सही करताना हात थबकला तरी पुष्कळ.

३. पूररेषांचे नकाशे गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरसकट सगळ्यांना घरबसल्या बघता येतील असे ठेवा. झोन दाखल्यात पूररेषेची नोंद न मागता द्या. वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी खेप नको.

४. तांत्रिक अहवालात पुराचा रकाना घाला आणि त्याची प्रत कर्जदाराच्या हातात, मंजुरीच्या पत्राआधी द्या.

५. प्रत्येक पुराची खूण सार्वजनिक ठिकाणी कायमची लावा. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, दगडात किंवा पत्र्यात, ब्रशनं पुसली जाणार नाही अशी. ती काढणाऱ्याला दंड करा, मग तो प्लॉटवाला असो की आमचे सेक्रेटरी.

६. भराव टाकायची परवानगी देण्याआधी शेजारच्या घरांचा आकडा त्यानं किती खाली येईल हे मोजा, आणि त्या शेजाऱ्यांना लेखी कळवा.

यातली दुसरी मागणी अमलात यायला कायदा लागेल, वेळ लागेल, हे मला समजतं. कायद्याची वाट बघत बसायचं नाही म्हणून माझ्यापुरती ती आजपासून अमलात आणते. घर विकायला काढलेलं नाही. पण कधी काढलं तर हा कागद आधी दाखवीन, आणि तोवर तो गेटवर लॅमिनेट करून लावला आहे. मिस्टर अजून रुसलेले आहेत. त्या रविवारची ती मुलगी पुन्हा प्लॉट बघायला आली तर तिला मला हाक मारायचीही गरज पडू नये.

मिळकतीचे वर्णन: बैठे घर. जोते रस्त्यापासून दीड फूट वर.
पूर्वेस: शेजारचे घर. पश्चिमेस: मळा. दक्षिणेस: सार्वजनिक रस्ता. उत्तरेस: रिकामा प्लॉट, अलीकडे भराव.
पाणी रस्त्यावर येते: राजाराम बंधारा ५२ फूट (मामांच्या मते आता साडेएक्कावन्न).
सन २००५: पाणी नाही, कोपऱ्यावरच्या मोरीपर्यंत.
सन २०१९: घरात दोन फूट.
सन २०२१: घरात पावणेतीन फूट.
सन २०२४: पातळी ४७ च्या वर गेली, पाणी आले नाही. ४५ ला सामान माळ्यावर चढवले होते, ४३ च्या खाली आल्यावर उतरवले.

कळावे,
आपली,
एक घरमालकीण, कोल्हापूर